तांडेल बोलेपर्यंत

आधीच सांगून टाकते. असले अनुभव मी वाचते ते दोष काढायला. वळणावर उभी असलेली बाई, मागच्या सीटवरून गायब झालेला म्हातारा... दर वेळी मला वाटतं, सांगणाऱ्याला कोणी उलटे प्रश्न विचारले नाहीत, म्हणून निभावलं. मी मुरुडच्या बंदरावर मासळीचा धंदा करते. समोरचा खोटं बोलतोय हे धरूनच माझी सकाळ सुरू होते. डोक्यावरच्या पाटीपासून सुरुवात केली, आज स्वतःचे टेम्पो आहेत, बर्फाची खोली आहे. बंदरावर माझ्या आवाजाला लोक घाबरतात... घाबरायचे, असं म्हणू. भूत समोर आलंच असतं तर मी त्याच्याशीही भाव केला असता, असं मी कितीदा तरी म्हटलंय. ते वाक्य आता म्हणत नाही.

ही गोष्ट एका खेळाची आहे, त्यामुळे आधी खेळ सांगायला हवा.

शाळा नुकतीच संपली होती तेव्हाची गोष्ट. शबाना माझी मैत्रीण, घर मशिदीच्या गल्लीत. तिचे मामू बहरीनला नोकरीला होते. एकदा सुट्टीवर येताना त्यांनी मुलांना खेळायला म्हणून एक मोठा खोका आणला. आत दोन जाड इंग्रजी पुस्तकं आणि भलभलत्या आकाराचे फासे. एकाला तर वीस तोंडं. पट नाही, सोंगट्या नाहीत. आम्ही खोका उलटा करून झटकला. दुकानदाराने मामूला फसवलं, असं माझं ठाम मत पडलं.

"मामूंना सांग, परत गेल्यावर खोका त्याच्या तोंडावर मारा आणि पट घेऊन या," मी शबानाला म्हटलं.

आणि मामू बिचारे खरोखर त्या दुकानात जाऊन भांडून आले. दुकानदार हसून म्हणाला, याला पट नसतोच. तोवर इकडे शबानाने दोन्ही पुस्तकं वाचून काढली होती. ती म्हणाली, "पट डोक्यात असतो, नंदा. एकानं जग सांगायचं. बाकीच्यांनी त्या जगातली माणसं व्हायचं. मी आता दार उघडते, मी आता राक्षसाशी बोलते, असं म्हणत पुढं जायचं. जमलं की न्हाय, ते फासा सांगणार."

जग सांगणाऱ्याला पुस्तकात काहीतरी भारदस्त इंग्रजी नाव होतं. आम्ही त्याला तांडेल म्हणायला लागलो. होडीत तांडेल म्हणेल तिकडे होडी जाते, त्याच्या शब्दाला उलट शब्द नाही. या खेळातही तसंच. फासा काहीही पडो, तांडेल तोंडाने बोलल्याशिवाय गोष्ट घडली असं होत नाही. शबाना आमची तांडेल.

खेळायचो आमच्या घराच्या माडीवर. तिथे जाळी ठेवलेली असायची. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या, धंदा बंद, दुपारच्या दुपारी मोकळ्या. आम्ही तिघं – मी, शबाना आणि माझा चुलतभाऊ हरेश. पुस्तकातले बर्फाचे डोंगर शबानाने काढून टाकले आणि आमचीच खाडी घातली. तिवरांच्या झाडीत राहणारे चोर, पाण्यातला किल्ला, ओहोटीलाच उघडणारी दारं. हरेश खलाशी झाला. मी झाले सोनकी दलालीण. तलवार नाही, मंत्र नाही, खांद्यावर फक्त एक तराजू. सोनकी कोणाशी लढायची नाही, सगळ्यांशी सौदा करायची. एकदा तिने एका अजगराला त्याचीच गुहा भाड्याने दिली होती.

या सौद्यांसाठी आम्ही आमचा स्वतःचा नियम काढला. गुरांच्या बाजारात व्यापारी उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवतात, ते तुम्ही पाहिलं असेल. बघणाऱ्याला काही कळत नाही. माझी आत्या कोळंबीचे मोठे सौदे तसेच पदराखाली करायची. बोलणं संपलं की शेवटी पूर्ण पंजा धरून अंगठ्याने दोनदा दाबलं तर सौदा पक्का. हात काढून घेतला तर मोडला. ती रीत मी खेळात आणली. सोनकीचा सौदा असला की शबाना आणि मी मध्ये टॉवेल टाकायचो. खाली आमचे दोन हात. शबानाच्या तळव्याला कायम घाम, फासासुद्धा तिच्या हातातून ओला यायचा. मी चिडवायचे, "तांडेल, तुझा हात धरला की मासा धरल्यासारखं वाटतं."

हरेशचा मोठा भाऊ मोरेश, आमचा मोरादादा, माडीवर जाळी शिवत बसलेला असायचा. खेळात कधी आला नाही, पण कान सगळे इकडे. सौदा रंगात आला की हळूच मागून टॉवेलखाली हात घालायचा आणि माझा पंजा पकडून खोटाच सौदा पक्का करायचा. लहानपणी दोरात सापडून त्याचं अंगठ्याजवळचं बोट कायमचं वाकलं होतं, त्यामुळे चोरी लगेच कळायची. "नंदे, विकलीस तू होडी, आता रड," म्हणून हसायचा.

त्याच वर्षी मासेमारीची पावसाळी बंदी उठल्यावर तो होडीवर गेला आणि आला नाही. जाळं ओढताना पाण्यात पडला, एवढंच बाकीच्या खलाशांनी सांगितलं. दिवस दिवस शोधलं. काही मिळालं नाही. काही मिळालं नाही, म्हणून माझ्या काकीने तो गेला असं मानलंच नाही. होडीवर प्रत्येक खलाशाचा वाटा असतो, तसा घरातल्या मासळीतून ती मोराचा वाटा रोज बाजूला काढायची. वेगळ्या ताटलीत. झाकून.

पुढच्या पावसाळ्यात आम्ही पुन्हा माडीवर बसलो. कोणी दादाचं नाव घेतलं नाही. एका दुपारी हरेशने विचारलं, "तांडेल, माझ्या खलाशाला दर्याच्या तळाशी जाता येईल काय?"

शबाना म्हणाली, "येईल."

तिथे तिने एक राखणदारीण बसवली. दर्याने घेतलेली माणसं तिच्याकडे. एक माणूस सोडवून आणायला हरेशचा खलाशी आणि माझी सोनकी खाली गेले. किती दुपारी त्यात गेल्या. शेवटी राखणदारणीशी सौदा आला. टॉवेल पडला.

"काय देतेस?" शबाना राखणदारणीच्या आवाजात म्हणाली.

मी तराजू देऊ केला. नको. सोनकीचं नाव देऊ केलं. नको. हरेश माझ्या तोंडाकडे बघत होता. खेळात इतकं टक लावून बघतात तसं ते बघणं नव्हतं. मग मी म्हटलं, "सोनकीचा आवाज घे." दलालिणीकडे दुसरं असतं काय?

माझे डोळे हरेशवर होते. टॉवेलखाली माझा पंजा धरला गेला. अंगठा दोनदा दाबला.

"सुटला," मी म्हटलं. "हरेश, सोडला तिनं."

हरेशचा चेहरा मी अजून विसरले नाही. आणि शबानाने टॉवेल ओढला.

"न्हाय सुटला. तू हात काढून घेतलास. सौदा मोडला."

"मी काढला? दोनदा दाबलंस ना आता?"

"मी न्हाय दाबलं. तू काढलास."

"तांडेल, खोटं बोलू नकोस."

"मी जे झालं तेच सांगणार. उगाच कसं म्हणू?"

हरेश उठला. "ऱ्हाऊ दे ताई. खेळ हाय," म्हणाला आणि जिना उतरून गेला. परत खेळायला आला नाही.

खेळ हाय, म्हणून तर माझं डोकं फिरलं. दर्याने दिला नाही, निदान खेळात द्यायला शबानाचं काय जात होतं? एक शब्द. आणि तोही हात देऊन झाल्यावर. मी तिला म्हटलं, "हात देऊन फिरणाऱ्याला आम्ही बंदरावर उभं करत न्हाय. तू माझ्या माडीवर उभी ऱ्हाऊ नको." तिने फासे गोळा केले, खोका उचलला आणि गेली. पुढे लग्न होऊन शारजाला गेली. मला निरोपही नाही, आमंत्रणही नाही.

मी धंद्यात पडले. माझा धंदा हातांवर आहे. कोण कसा हात देतो, कोणाचा ढिला, कोणाचा थरथरतो, मला अंधारातही सांगता येईल. प्रत्येक सौद्याला मला शबानाचा हात आठवायचा. एवढी वर्षं तो राग मी जपून वापरला म्हणा ना. कोणी भावात फिरायला लागलं की त्याच्यावर तिच्या वाटणीचंही ओरडायचे. बघता बघता केसांत पांढरे आले, राग तेवढाच.

दोनेक वर्षांमागे शबाना मुलीला घेऊन परत आली. वडिलांच्या घरात पर्यटकांना जेवण करून द्यायला लागली. हात चांगला, नाव झालं. पण मासळी कुठून आणायची? आगरदांड्याला जाऊन फेरीबोटीने पलीकडे दिघीला, आणि तीच वाट परत. माझ्या बर्फात सुरमई पडलेली असताना. हे मला दर आठवड्याला कोणी ना कोणी मुद्दाम सांगायचं.

गेल्या वर्षी एकदा वारं सुटलं आणि फेरी बंद राहिली. भर दुपारी शबाना माझ्या पुढ्यात उभी.

"सुरमई कशी?"

मी भाव सांगितला. शेजारची पापलेटवाली तोंडाला पदर लावून हसली.

"एवढ्यात तर मासा आपल्या पायांनी माझ्या घरी यायला हवा," शबाना म्हणाली.

"दिघीला जा. तिकडं पाय असलेले मिळतात."

"फेरी बंद आहे."

"मग पाहुण्यांना डाळ घाल."

"तू अजून तशीच हायस, नंदा."

"असणारच. मी हात देऊन फिरत न्हाय."

ती लाल झाली. तिने पिशवी खाली ठेवली आणि बंदरावरच्या सगळ्यांसमोर म्हणाली, "खुदा कसम सांगते, फिरलीस तू. मी हात धरून बसले होते. मला त्याला सोडायचंच होतं. मनात ठरवून आले होते त्या दिवशी की आज सोडायचा. आणि तू आवाज देते म्हणालीस, आणि माझ्या हातातून तुझा हात निघून गेला. मला वाटलं, तुलाच नको आहे. तुला वाटत असेल खेळात सोडवून काय करायचं. माझा हात रिकामा होता, नंदा."

"रिकामा? माझा पंजा धरलेला होता."

"कोणी?"

बाया कान देऊन ऐकत होत्या, म्हणून मी तिला बर्फाच्या खोलीत नेलं. खरं सांगते, माझ्या डोक्यात तिला खोटं पाडायचं, एवढंच होतं. हरेश तिथे टेम्पोत माल भरत होता. तो आता माझ्याकडेच असतो. मी एक क्रेट उलटा ठेवला, टॉवेल घेतला.

"बस. जसं केलं होतं तसं कर."

हरेशने आम्हाला बघितलं. "वय झालं तुमचं," म्हणाला, पण हातातला क्रेट खाली ठेवला.

टॉवेलखाली मी शबानाचा हात धरला. तसाच, घामट. मला हसू आलं, तिलाही आलं. तितक्यात तिने डोळे मिटले आणि तो जुना आवाज काढला. एवढ्या वर्षांनी, जसाच्या तसा.

"बोल सोनके. काय देतेस?"

मी म्हटलं, "आवाज देते."

शबानाने डोळे उघडले. "काढलास," ती पुटपुटली. "बघ, काढलास हात."

मी काढला नव्हता. माझा पंजा धरलेला होता. आणि तेव्हा, पहिल्यांदा, मी राग सोडून नुसतं हाताकडे लक्ष दिलं. हा हात कोरडा होता. खडबडीत, दोराने घट्टे पडलेला. बर्फाच्या खोलीत असून गार नाही. मी शबानाला म्हटलं, "तुझे हात दाखव."

तिने दोन्ही हात टॉवेलबाहेर काढून वर धरले.

माझा हात अजून धरलेला.

टॉवेल उचलावा असं मला का वाटलं नाही, हे मला आजही सांगता येत नाही. भीती नव्हती वाटली. कोणी झोपलेलं असावं आणि पांघरूण ओढू नये, तसं काहीतरी. मी म्हटलं, "हरेश, इकडं ये. हात घाल."

तो आला. खाली वाकला. टॉवेलखाली हात घातला आणि तसाच थांबला. बाहेर टेम्पोचं इंजिन चालू होतं, तेवढाच आवाज.

"ताई," तो म्हणाला, "बोट वाकडं हाय."

मग तो लहान मुलासारखा बोलायला लागला. "दादा, आई रोज वाटा काढते रे. रोज."

माझ्या पंज्यावर अंगठा दाबला गेला. एकदा. पुन्हा. पण हात सुटला नाही. तो वाट बघत होता. कशाची, ते माझ्या आधी शबानाला कळलं. सौदा दोघांत झाला तरी तांडेल बोलल्याशिवाय आमच्या खेळात काही घडत नसे. त्या दिवशी माडीवर तिने टॉवेल ओढला आणि म्हणाली, न्हाय सुटला.

शबानाने ओढणीने तोंड पुसलं. "तांडेल बोलते," ती म्हणाली. आवाज राखणदारणीचा नव्हता, तिचा स्वतःचा होता. "सौदा पक्का. सुटला."

हात गेला. झटका नाही, ओढ नाही. टॉवेल क्रेटवर सपाट झाला आणि खाली माझा हात आणि हरेशचा हात, एवढंच होतं.

हरेश टेम्पो घेऊन गेला, माल पोचवायचा होता. शबाना सुरमई घ्यायचीही विसरली होती, मीच तिच्या पिशवीत घातली. भाव सांगायला तोंड उघडलं... आणि आवाज आला नाही.

तिला वाटलं मी रडतेय. मी रडत नव्हते. नुसती हवा येत होती.

अलिबागच्या डॉक्टरांनी घशात दुर्बीण घातली. सगळं ठणठणीत आहे, म्हणाले. धक्का बसला असेल, येईल हळूहळू. त्याला आता वर्ष होत आलं. जवळ कान आणला तर ऐकू जाईल एवढं कुजबुजता येतं. म्हणून हे सांगत नाही, लिहितेय.

तुम्ही म्हणाल, बर्फात हात बधिर झाले असतील. झाले असतील. मनाचा खेळ असेल, तिघांना एकच आठवण असल्यामुळे तिघांना एकच भास झाला असेल. मीच दुसऱ्याला हे म्हटलं असतं. आवाजाचंही मनामुळे होतं, असं डॉक्टर म्हणतात, आणि ते शिकलेले आहेत. एक गोष्ट मात्र माझ्या कुठल्याच हिशेबात बसत नाही. हरेश त्या संध्याकाळी घरी गेला. त्याने वाटेत कोणाशी शब्द काढला नव्हता, फोन केला नव्हता. काकी चुलीपाशी होती. रोजची ताटली तिने धुऊन पालथी घातली होती. त्याने विचारायच्या आधीच ती म्हणाली, "आज मोराचा वाटा काढला न्हाय रे. का ते नको विचारू. त्याचं झालं, असं वाटलं." मग ती जेवली. हरेश सांगतो, पोटभर जेवली.

सौदा महाग पडला का, असं पापलेटवाली मला विचारते. तिला अर्धीच गोष्ट माहीत आहे. मी नाही म्हणून मान हलवते. आवाज मीच देऊ केला होता, माझा मीच भाव सांगितला होता. दिलेल्या हातावरून मी फिरत नाही.

राग मात्र येतो. एवढी वर्षं एका माणसावर साठवलेला राग, आणि तो माणूसच फिरला नव्हता. तिलाही माझ्याबद्दल तसंच वाटत होतं, आणि मीही फिरले नव्हते. मग आमच्यात गेलेल्या या वर्षांचं कोणाला विचारायचं? दोघींच्या मध्ये हात घालायची दादाची खोड. त्याच्यावर तर ओरडताही येत नाही.

सकाळी लिलावाला आता शबाना माझ्या शेजारी उभी राहून माझ्यासाठी बोलते. भयंकर भाव करते. समोरच्याने दर सांगितला की आधी त्याच्या मुलांची चौकशी करते. मी तिच्या मनगटाला चिमटा काढते, मग ती घाबरून भलतंच काहीतरी खाली मागते. मोठे सौदे मी स्वतः करते, टॉवेलखाली, आत्यासारखे. बंदरावरचे पुरुष आधी हसले, आता हात पुसून येतात.

आणि शुक्रवारी नमाजानंतर, दुपारची कामं आटोपली की, आम्ही तिघं, हरेशसुद्धा, माडीवर बसतो. खोका शबानाने शारजालाही नेला होता आणि परतही आणला. सोनकी आता मुकी आहे. तांडेल विचारते, "सोनके, काय करतेस?" मी टॉवेलखाली हात घालते आणि समोरचा हात लागला की आधी तळवा चाचपून बघते.

घामट असतो. दर वेळी. मग खेळ पुढे जातो.